बांधकाम काढण्याआधी : परवानगी कधी लागते, कधी लागत नाही

मुलाचे लग्न ठरले की घरात पहिला प्रश्न जागेचा येतो. खालच्या दोन खोल्यांत आई-वडील, धाकटी भावंडे, दादी. मग सुनेसाठी वर एक खोली काढायची असे ठरते. मिस्त्री येतो, गच्चीवर चढून पावलांनी माप घेतो, "दीड महिन्यात स्लॅब टाकून देतो" म्हणतो आणि विसार घेऊन जातो. हॉल, आचारी, काझीसाहेब, कपडे, दागिने यांची यादी तयार होते. महापालिकेची परवानगी मात्र त्या यादीत बहुतेक घरांत नसते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे पालक मुलांच्या दाखल्यासाठी येतात, तसे कधी कधी पिशवीतून घडी घातलेला सरकारी कागद काढून "जरा हे वाचून सांगा" असे म्हणायलाही येतात. नोटीस मराठीत असते, भाषा कायद्याची असते, आणि घरात उर्दू वाचणारे असले तरी "अनधिकृत विकसन", "सामासिक अंतर", "भोगवटा प्रमाणपत्र" या शब्दांशी कोणाची ओळख नसते. असे कागद वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. काही कामांना परवानगी लागतच नव्हती, तरी माणूस घाबरून कोणाला तरी पैसे देऊन बसलेला असतो. काही कामांना परवानगी सहज मिळाली असती, पण ती मागितलीच गेली नाही. आणि काही कामे अशी असतात की ती कोणीही मंजूर करू शकत नाही. तिथे घातलेला पैसा पहिल्या दिवसापासून बुडीत असतो. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले तर निम्मी काळजी मिटते.

आपली जागा कोणाच्या हद्दीत?

पुण्यात बांधकामाची परवानगी देणारे कार्यालय एकच नाही. पेठा, कोंढवा, हडपसर, येरवडा हा भाग पुणे महानगरपालिकेत येतो आणि अर्ज तिच्या बांधकाम विभागाकडे जातो. कॅम्पातील छावणीचा भाग पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, खडकीचा छावणी भाग खडकी बोर्डाकडे. तिथे २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा चालतो आणि बऱ्याच जागांची मूळ मालकी संरक्षण खात्याची आहे. शहराबाहेरच्या गावांसाठी २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए आहे. घोषित झोपडपट्टीचा प्रश्न आला की झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचे नियम पाहावे लागतात.

हद्दीही बदलत आल्या आहेत. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत आली आणि पुढे त्यांतली १५ वगळून २३ राहिली. २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. त्यामुळे "आमच्याकडे ग्रामपंचायतीचा कागद आहे" असे सांगणारी अनेक घरे आज महापालिकेत आहेत. जुना कागद फेकू नये, पण आज नवे काम काढायचे तर आजच्या कार्यालयाची परवानगी लागते.

ज्या कामांना परवानगी लागत नाही

या सगळ्याच्या मुळाशी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ हा कायदा आहे. वकील आणि अधिकारी त्याला एमआरटीपी म्हणतात. त्याच्या कलम ४३ मध्ये नियम सांगितला आहे आणि सूटही तिथेच आहे. इमारतीच्या देखभालीची, सुधारणेची जी कामे फक्त आतल्या भागापुरती आहेत किंवा ज्यांनी बाहेरचे रूप विशेष बदलत नाही, त्यांना परवानगी लागत नाही.

साध्या भाषेत सांगायचे तर रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणे, मोरीच्या टाइल्स, गळक्या छपराची कौले किंवा पत्रे तसेच्या तसे बदलणे, आतल्या आत हलके पार्टिशन घालणे, फॉल्स सीलिंग, किचनचा ओटा नवा करणे ही नेहमीची दुरुस्ती आहे. अशा कामासाठी कोणी येऊन "परवानगी दाखवा" असे दरडावू लागला तर घाबरून खिशात हात घालू नये. त्याचे नाव, हुद्दा आणि लेखी नोटीस मागावी.

दोन गोष्टी मात्र या सवलतीत बसत नाहीत. एक, इमारतीच्या सांगाड्याला हात लावणे. कॉलम, बीम, स्लॅब, आणि जुन्या वाड्यात किंवा विटांच्या घरात ज्या भिंतीवर वरचा भार उभा आहे ती भिंत, यांना धक्का लागला की ती दुरुस्ती राहत नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब काढून त्या जागी लोखंडी चॅनल घालण्याची कामे सर्रास होतात. ती स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नयेत. दुसरी गोष्ट सोसायटीतल्या फ्लॅटची. महापालिकेची परवानगी लागत नसली तरी सोसायटीला आधी लेखी कळवावे लागते, आणि आपले बाथरूम सरकवून खालच्या माणसाच्या स्वयंपाकघरावर आणता येत नाही.

ज्या कामांना परवानगी लागतेच

नवे घर, जुने पाडून पुन्हा बांधणे, वरचा मजला, मागच्या अंगणात वाढीव खोली, बाहेरचा जिना या सगळ्याला परवानगी लागते. ही यादी लोकांना माहीत असते. चूक होते ती पुढच्या कामांत.

गॅलरी बंद करून खोली करणे. गच्चीवर कायमचा पत्रा घालणे. पावसाळ्यापुरते आच्छादन तात्पुरत्या बांधकामाच्या परवानगीत बसते, पण तीही मागावी लागते, आणि पाऊस संपला की ते उतरवावे लागते. पार्किंगच्या जागेत भिंती घालून दुकान काढणे. राहत्या घराचा पुढचा भाग गाळा करून भाड्याने देणे. इथे वीट एकही वाढली नाही तरी वापर बदलतो, आणि कायद्याच्या लेखी वापर बदलणे हेही "विकसन" आहे. खिडकीबाहेर पेटीसारखी मोठी जाळी काढून त्यात संसार ठेवणे. मोठी संरक्षक भिंत किंवा शेजाऱ्याच्या भिंतीलगत खोल खणणे.

भिंत ही किरकोळ गोष्ट आहे असे कोणाला वाटत असेल तर कोंढव्याने ते पाहिले आहे. २९ जून २०१९ च्या पहाटेआधी, मुसळधार पावसात, तिथल्या एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती.

ज्याला परवानगी मिळूच शकत नाही

नदीकाठी पूररेषा आखलेल्या असतात. नदी आणि निळी रेषा यांमधल्या पट्ट्यात घर बांधता येत नाही. निळी आणि लाल रेषा यांच्या मध्ये अटी पाळून बांधता येते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांचे काय झाले हे घरोघरी अजून सांगितले जाते, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले ते आपण स्वतः पाहिले. ओढा कोरडा दिसतो म्हणून ती जागा आपली होत नाही.

डोंगरमाथा, डोंगरउतार आणि जैवविविधता उद्यानासाठी राखलेल्या टेकड्या यांवर घराच्या प्लॉटला मंजुरी मिळत नाही. रस्तारुंदीत किंवा शाळा-दवाखान्याच्या आरक्षणात गेलेल्या जागेचेही तसेच. शहराचा विकास आराखडा हा जाहीर दस्तऐवज आहे, आणि आपला सर्व्हे नंबर देऊन "झोन दाखला" मागितला की जागा कशात आहे ते महापालिका लेखी सांगते. प्लॉट घेण्याआधी हा एक कागद काढला तर आयुष्यभराची कमाई वाचू शकते. स्वस्तात गुंठा मिळतो आहे, तो स्वस्त का, याचे उत्तर बहुतेक वेळा या दाखल्यात असते.

शेवटचा मुद्दा सामासिक अंतराचा, ज्याला आपण साईड मार्जिन म्हणतो. घराभोवती मोकळी सोडायची ही जागा आपल्याच मालकीची असते, म्हणून ती भरून टाकण्याचा मोह होतो. पण शेजारच्या घराचा उजेड आणि वारा त्यातूनच येतो, आणि आग लागली तर बंबाची नळीही तिथूनच यायची असते. शेजाऱ्याच्या हकाबद्दल आपला दीन काय सांगतो ते वाचकांना वेगळे सांगायला नको. साईड मार्जिनचा नियम तोच हक फुटांत मोजतो.

परवानगीसारखे दिसणारे कागद

"आमच्याकडे सगळे कागद आहेत" असे सांगत लोक जी फाइल उघडतात तीत बहुधा घरपट्टीची पावती, लाइट बिल, नळाचे बिल आणि नोंदणीकृत खरेदीखत असते. हे चारही कागद जपून ठेवण्यासारखे आहेत, पण त्यांतला एकही बांधकामाची परवानगी नाही. खरेदीखत सांगते की व्यवहार झाला. लाइट बिल सांगते की वीज वापरली. मिळकतकराबद्दल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की बेकायदा बांधकामावर कर आणि त्याच्या दुप्पट शास्ती वसूल केली, म्हणजे ते बांधकाम नियमित झाले असे समजू नये. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये हाच "शास्तीकर" अनेक वर्षे गाजत होता.

खरे कागद तीन. पहिला, मंजूर नकाशा आणि बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र. दुसरा, जोत्यापर्यंत काम आले की होणारी जोते तपासणी. तिसरा, काम पूर्ण झाल्यावर मिळणारे भोगवटा प्रमाणपत्र. फ्लॅट घेताना तर हा तिसरा कागद आधी मागावा. महारेरा कायदा आल्यापासून मोठ्या प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर दिसते. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला महारेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्या वस्त्यांतल्या गल्ल्यांमध्ये बहुतेक इमारती याच मापाच्या असतात.

इथे आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. व्याज नको म्हणून अनेक कुटुंबे बँकेचे कर्ज घेत नाहीत. आखातात राबलेल्या भावाची शिल्लक, अम्मीचे दागिने, मामूकडून हातउसने, असे जमवून रोख घर घेतात. नियत चांगली आहे. पण बँकेचा वकील कर्ज देण्याआधी जी कागदपत्रे तपासतो, ती तपासणीही त्यामुळे होत नाही. बँक दारात नसेल तर तिचे तपासणीचे काम आपण स्वतः केले पाहिजे. एखाद्या वकिलाला फी देऊन नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालकीचा शोध घ्यायला लावण्यात कोणतेही व्याज नाही.

एक पसरलेला गैरसमज

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग वगळून राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिला यूडीसीपीआर म्हणतात. तेव्हापासून "दीड हजार फुटांपर्यंत परवानगी लागत नाही" हे वाक्य चहाच्या टपरीपासून लग्नाच्या दस्तरखानापर्यंत ऐकू येते. ते अर्धे खरे आहे.

नियम असा की १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांच्या प्लॉटवर घरमालकाला मंजुरीसाठी ताटकळत बसावे लागू नये. त्याने परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून नियमात बसणारा नकाशा करून घ्यायचा, तो महापालिकेत दाखल करायचा, शुल्क भरायचे, आणि ती पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरसाठीही जलद पद्धत आहे. म्हणजे थांबणे गेले आहे. नकाशा, आर्किटेक्ट, शुल्क आणि नियम यांतले काहीही गेलेले नाही. प्लॉटची जागाही कायदेशीर असावी लागते. "लागत नाही म्हणे" एवढ्यावर स्लॅब टाकलेल्या माणसाच्या हातात नोटीस आली की दाखवायला काही नसते.

अर्जाबाबत आणखी दोन गोष्टी. नेहमीच्या पद्धतीत पूर्ण अर्ज दिल्यावर ६० दिवसांत उत्तर आले नाही तर कायदा परवानगी मिळाली असे मानतो. पण बांधकाम नियमांत बसत असेल तरच, म्हणून आर्किटेक्टच्या सल्ल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आणि मिळालेली परवानगी एक वर्षाची असते. त्या काळात काम जोत्यापर्यंत आले नाही तर मुदतवाढ मागावी लागते. चार वर्षांपूर्वीचा मंजूर नकाशा काढून आज पाया खणला तर तो चालेलच असे नाही.

घर अजून अब्बांच्या नावावर

परवानगीच्या वाटेत सगळ्यात जास्त घरे अडतात ती नियमांमुळे नव्हे, तर मालकीच्या कागदामुळे. अब्बांचा इंतकाल होऊन दहा वर्षे झालेली असतात, मिळकत पत्रिकेवर नाव त्यांचेच असते. खाली थोरला, वर धाकटा राहतो, बहिणी सासरी. धाकट्याला मजला वाढवायचा असतो आणि आर्किटेक्ट विचारतो, "मालक कोण?"

मालक सगळे वारस आहेत. अम्मीचा हिस्सा आहे, आणि बहिणींचा हिस्सा शरीअतने ठरवून दिलेला आहे. कोणी मेहेरबानी म्हणून तो द्यायचा नसतो. अर्जावर त्या सगळ्यांची संमती लागते. पुष्कळ घरांत ही वेळ टाळण्यासाठीच परवानगी टाळली जाते, कारण आपांची सही मागायची तर त्यांच्या हिश्श्याचे बोलणे काढावे लागते. इथे आम्हाला स्पष्ट लिहावेसे वाटते. बहिणीची सही नको म्हणून बेकायदा बांधलेली खोली दोन हक बुडवते : बहिणीचा आणि स्वतःच्या मुलांचा. उद्या त्या मुलांना ना ती खोली विकता येते, ना तिच्यावर नीट वाटणी करता येते.

तोंडी हिबा आपल्याकडे वैध आहे. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा द्यावा. पण नगर भूमापन कार्यालय तोंडी शब्दावर नाव लावत नाही. वडील हयात असतानाच लिहून ठेवणे आणि इंतकालानंतर वर्षभरात वारसनोंद करून घेणे, ही दोन कामे झाली तर पुढची परवानगी निम्मी सोपी होते. वक्फच्या जागेवर राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की वक्फ संस्थेची संमती महापालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही, दोन्ही लागतात.

हा कागद का हवा

कलम ५२ नुसार परवानगीविना बांधकामाला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि २ ते ५ हजार रुपये दंड आहे. पण आम्हाला त्याहून मोठी भीती वेगळी वाटते.

२४ सप्टेंबर २०१२ रोजी तळजाई पठारावर बेकायदा उभी राहत असलेली इमारत कोसळली आणि ११ जण गेले. त्याच्या सहा महिन्यांनंतर, ४ एप्रिल २०१३ रोजी, मुंब्र्याजवळ शीळफाट्याला परवानगीशिवाय काही महिन्यांत उभी केलेली इमारत पडली. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहायला आली होती. ७४ माणसे गेली. स्वस्त भाड्यात छप्पर मिळाले म्हणून आलेले गरीब लोक होते ते.

कागद असला म्हणजे घर पक्के, असेही नाही. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली, १६ जण गेले, आणि बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपालिकेच्या लोकांवरही गुन्हा दाखल झाला. परवानगीने सिमेंट घट्ट होत नाही. पण परवानगीच्या वाटेवर एका इंजिनिअरची सही असते आणि त्या सहीला जबाबदार माणूस असतो. मिस्त्रीच्या "हो जाएगा" ला कोणीच जबाबदार नसते. जुन्या एकमजली घराच्या पायावर दोन मजले चढवताना तो पाया भार घेईल का, हे पावलांनी मोजून कळत नाही.

नोटीस आली तर

देशात काही ठिकाणी नोटिशीविना किंवा नावापुरत्या नोटिशीने घरे पाडली गेली, आणि आपल्या वस्त्यांत त्याची धास्ती आहे. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकत्र वाचले पाहिजेत.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की कोणी आरोपी आहे म्हणून त्याचे घर पाडता येत नाही. पाडकामाआधी नोंदणीकृत टपालाने नोटीस, ती घरावर चिकटवणे, उत्तरासाठी किमान १५ दिवस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह लेखी आदेश, त्यानंतर पुन्हा १५ दिवस, आणि कारवाईचे चित्रीकरण, हे सगळे बंधनकारक आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. महिनाभरानंतर, १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की बेकायदा बांधकाम खूप जुने झाले, किंवा त्यावर खूप पैसा खर्च झाला, एवढ्यावर ते कायदेशीर होत नाही. पहिला निकाल आपल्याला बोलण्याची संधी देतो. त्या संधीत दाखवायला आपल्या हातात काय आहे, हे दुसरा विचारतो.

म्हणून नोटीस आली तर ती घ्यावी. नाकारली तर ती दारावर लागते आणि मुदत सुरूच होते. मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. कोणते कलम, किती मुदत, नेमके कोणते बांधकाम, हे तीन मुद्दे वाचून घ्यावेत. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी भेट आणि ओळखीच्या माणसाचा फोन हे उत्तर नव्हे. सुनावणीची मागणी त्याच उत्तरात करावी. बांधकाम नियमांत बसण्यासारखे असेल तर नोटिशीनंतरही ते कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो, आणि तो आर्किटेक्टमार्फत मुदतीतच करावा. इमारतीचा मंजूर नकाशा आपल्याकडे नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्याची प्रत मागता येते. एखाद्या भागापुरतेच बांधकाम जादा असेल तर तेवढे स्वतः काढून घेणे कधी कधी उरलेले घर वाचवते.

गुंठ्याने जमीन घेऊन घर बांधलेल्यांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी बांधकामांना नियमित होण्याची वाट दिली. ती प्रत्येक जागेला लागू होत नाही. आरक्षण, पूररेषा आणि डोंगर यांच्या अटी तिथेही आहेत. हडपसर-कोंढव्याच्या ज्या गल्ल्यांत सगळी घरे सारख्याच अडचणीत आहेत, तिथे एकेकट्याने दलाल गाठण्यापेक्षा वीस घरांनी मिळून एक आर्किटेक्ट आणि एक वकील ठरवला तर खर्च विभागला जाईल आणि फसवणूकही कमी होईल. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम हाती घ्यावे. मशिदीच्या कमिटीने जुम्याला चार वाक्यांत ही माहिती दिली तर ती एका दिवसात सगळ्या घरांत पोचेल.

खर्चाची यादी

वरचा मजला काढायचा तर घरात वहीवर हिशेब होतो : सिमेंट, सळई, खडी, वाळू, सेंट्रिंग, मजुरी. त्या वहीत पहिल्या ओळी अशा असाव्यात. मिळकत पत्रिका किंवा सातबारा आणि मोजणी नकाशा. सगळ्या वारसांची संमती, आपांसकट. झोन दाखला. खालचे घर भार घेईल की नाही ते पाहणाऱ्या इंजिनिअरची फी. परवानाधारक आर्किटेक्टचा नकाशा. महापालिकेचे शुल्क. या सहा ओळींचा खर्च नंतरच्या स्लॅबच्या मानाने थोडा असतो, आणि त्यांतल्या एखाद्या ओळीवर "होणार नाही" असे उत्तर आले तर पुढचा सगळा खर्च वाचतो.

हे सगळे व्हायला काही महिने लागतात. म्हणून लग्नाची तारीख आणि स्लॅबची तारीख एकाच बैठकीत ठरवू नये. सून वर्षभर खालच्या खोलीत राहील, थोडी गैरसोय होईल. वरची खोली तिच्या मुलांच्याही नावावर लागेल, एवढे पाहून मग मिस्त्रीला विसार द्यावा.